एसीचं काम करून आणलं, तरी गाडी गरमच? हात लागलेल्या जागा आधी बघा

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या आठ वर्षांच्या हॅचबॅकच्या एसीची कूलिंग कॉईल (डॅशबोर्डामागची, हवा गार करणारी) बदलून घेतली. अख्खा डॅशबोर्ड खाली उतरवला होता, गाडी दोन दिवस गॅरेजात होती आणि बिल पाच आकडी झालं. गाडी हातात घेताना जाळीतून असा गार वारा आला, की पैसे गेल्याचं दुःख अर्ध्यावर आलं. तिसऱ्या दिवशी पुण्याहून नगरला निघालो. रांजणगावपर्यंत सगळं झकास. शिरूर येईतो वारा मंदावला आणि सुप्याच्या जवळपास ब्लोअर चारवर असूनही जाळीतून नुसता सुस्कारा. वैतागून टपरीवर चहाला थांबलो. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी सुरू केली तर पुन्हा पहिल्यासारखी गार हवा! भरीला बायकोच्या पायाखालची चटई ओलीचिंब.

गॅरेजला फोन केला. उत्तर तयारच होतं, "गॅस कमी झाला असंल साहेब, घेऊन या, मारून देतो."

आता, तीन दिवसांत कमी झालेला गॅस चहा पिऊन होईतो परत कसा येईल? पण आपल्याकडे एसीच्या कुठल्याही दुखण्यावर गॅस हेच औषध आहे. दुरुस्तीआधी काय बिघडलं होतं तो प्रश्न वेगळा. दुरुस्तीनंतर जे बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच असतं, जिथे दोन-चार दिवसांपूर्वी कुणाचा तरी पाना लागलेला असतो. त्यामुळे शोध महागड्या पार्टपासून सुरू करायचा नाही, बिलापासून करायचा.

आधी बिल वाचा, मग बोनेट उघडा

बिलावर काय लिहिलंय त्यावरून संशयाची दिशा ठरते.

कूलिंग कॉईल बदलली असेल तर डॅशबोर्डाच्या आतल्या गोष्टी बघायच्या: कॉईलमध्ये खोचलेला तापमानाचा सेन्सर, पाणी बाहेर काढणारी नळी, गरम-गार हवेची झडप, केबिन फिल्टर. कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढचा, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा) बदलला असेल तर पुढचा भाग: फॅनचा प्लग, प्रेशर स्विचचा प्लग, आणि कंडेन्सर-रेडिएटरच्या कडेला असलेल्या फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या. या पट्ट्या काढताना फाटतात आणि "काही होत नाही" म्हणून टाकून दिल्या जातात. प्रत्यक्षात गाडी उभी असताना इंजिनकडची गरम हवा याच फटीतून वळून पुन्हा कंडेन्सरवर येते.

कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बदलला असेल तर प्रश्न तेलाचा आणि कचऱ्याचा. जुना कॉम्प्रेसर आतून झिजून गेला असेल, तर त्याचा धातूचा चुरा पाइपांमधून कंडेन्सरपर्यंत गेलेला असतो. आताच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात, की त्या धुऊन पूर्ण साफ होत नाहीत. अशा वेळी कंडेन्सर आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) दोन्ही नवे टाकायचे असतात. ते वाचवलं, की नवा कॉम्प्रेसर जुन्याच्या वाटेने जातो.

आणि बिलावर फक्त "गॅस चार्जिंग" असेल, तर खालचा ग्रॅमचा भाग आधी वाचा.

थर्मामीटर लावा

"कूलिंग कमी वाटतंय" या वाक्यावर कुठलाही मेकॅनिक तुम्हाला गुंडाळू शकतो. आकडा सांगितला की बोलणं बदलतं. स्वयंपाकघरात वापरतात तो टोकदार काडीचा डिजिटल थर्मामीटर यासाठी पुरतो.

गाडी सावलीत उभी करा. इंजिन नेहमीइतकं तापू द्या. काचा बंद, हवा आतल्या आत फिरणारी, नॉब पूर्ण थंडवर, ब्लोअर मधल्या वेगावर. थर्मामीटर मधल्या जाळीत सरकवा. कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर साधारण १५०० आरपीएमवर धरायला सांगा आणि दहा मिनिटांनी आकडा बघा. बाहेर ३०-३५ अंश असताना जाळीत ७ ते १२ अंश मिळाले तर यंत्रणा ठीक आहे. १५ च्या वर अडकला तर काहीतरी चुकलंय. मग अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाच मिनिटं नुसत्या आयडलवर बघा. दोन-चार अंशांनी चढणं साहजिक आहे. भराभर चढत गेला तर तो फरकच पुढचा धागा.

हवामानाचा हिशोब धरा. नागपूरच्या कोरड्या ४४ अंशांत आणि रत्नागिरीच्या दमट ३३ अंशांत एकाच गाडीचे आकडे वेगळे येतात. कोकणात कॉईलची बरीचशी ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात जाते. बोनेटखालच्या जाड पाइपला घाम आला म्हणजे गॅस बरोबर, असं एक गॅरेजी शास्त्र आहे. ते मुंबईत एक वेळ चालेल. विदर्भाच्या मे महिन्यात पाइप गार असूनही कोरडा राहू शकतो.

नेमकं कधी बिघडतं?

बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. एसी बंद पडतो कधी आणि परत सुरू होतो कसा, हे नीट बघितलं की अर्धं निदान झालंच.

हायवेला मस्त, सिग्नलला गरम: कंडेन्सरवरून हवा जात नाहीये. एसी चालू करून बोनेट उघडा आणि पुढचा फॅन फिरतोय का बघा. काही गाड्यांत तो एसीबरोबर लगेच सुरू होतो, काहींत प्रेशर वाढल्यावर, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबा. हात, ओढणी, मफलर लांब ठेवा, फॅन न सांगता सुरू होतो. फिरत नसेल तर त्याचा प्लग नीट बसलाय का, फ्यूज शाबूत आहे का आणि रिले (फॅनला वीज सोडणारा छोटा स्विच) चालतोय का ते बघायचं. फॅनचा आणि हॉर्नचा रिले एकाच नंबरचा असेल तर अदलाबदल करून दोन मिनिटांत निकाल लागतो. फॅन फिरतोय, तरीही गरम? कंडेन्सरवर पुढून साधं पाणी मारा, प्रेशरने नको, झारीने. पाणी मारताच जाळीतला आकडा उतरला, तर उष्णता बाहेर टाकण्यातच खोट आहे. फॅनचा वेग कमी असेल, कंडेन्सरच्या पात्यांत माती असेल, पट्ट्या नसतील किंवा गॅस जास्त झाला असेल.

अर्धा-पाऊण तास चांगला, मग वारा मंद: वारा थंड आहे की गरम हे नंतर बघा, आधी तो *कमी* झालाय का ते बघा. ब्लोअरचा आवाज तोच, पण जाळीसमोर हात धरला तर जोर नाही, म्हणजे कॉईलवर बर्फ साचलाय. माझं हेच झालं होतं. कॉईल शून्याच्या जवळ आली की सेन्सरने कॉम्प्रेसर थांबवायचा असतो. हा सेन्सर म्हणजे वायरच्या टोकाला मण्याएवढा ठिपका. तो कॉईलच्या पात्यांत ठरलेल्या जागी खोचावा लागतो. माझ्या गाडीत तो कॉईलला न टेकता समोर नुसता लोंबकळत होता. त्याला कळणार कसं की मागे बर्फाची भिंत उभी राहतेय? चहाच्या वेळात बर्फ वितळला, म्हणून वारा परत आला. केबिन फिल्टर चोंदला असेल किंवा गॅस थोडा कमी असेल तरीही बर्फ धरतो. म्हणून आधी फिल्टर काढून बघा, फुकटातलं काम आहे. रस्त्यात असं झालं तर एसीचं बटण बंद करून ब्लोअर फुल ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत मोकळं होतं.

वाऱ्याचा जोर तसाच, पण हवा गरम होते, आणि थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार: लक्षण वरच्यासारखं दिसतं, पण दुखणं वेगळं. इथे दोन शक्यता. एक, यंत्रणेत पाण्याचा अंश राहिलाय. कॉईलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात तो गोठतो, वाट बंद होते, मग वितळतो. म्हणजे व्हॅक्यूम (गॅस भरण्याआधी पाइपांतली हवा पंपाने ओढून घेणं) नीट झाला नाही किंवा ड्रायर जुनाच ठेवला. दुसरी, कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा मॅग्नेट क्लच तापल्यावर पकड सोडतोय. पट्ट्याची पुली कायम फिरत असते, तिच्या पुढची चकती बघायची. गरम हवा येत असताना चकती थांबलेली असेल आणि क्लचपर्यंत करंट येत असेल, तर चकती आणि पुलीमधली फट वाढलीये. नीट असताना ही फट मिलिमीटरच्या अर्ध्याच्या आसपास असते. अनेक गाड्यांत पातळ वॉशर कमी करून ती नीट करता येते, अख्खा कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे "टक्" आवाजाची वाट बघत बसू नका.

पहिल्या मिनिटापासूनच कोमट: आधी गरम-गार झडप तपासा. इंजिन तापलेलं असताना एसी बंद करा, नॉब पूर्ण थंडवर ठेवा आणि ब्लोअर लावा. बाहेरच्यापेक्षा गरम हवा आली, तर हीटरचा रस्ता उघडा राहिलाय. डॅशबोर्ड उतरवताना झडपेची केबल क्लिपमधून सुटते आणि लावताना एक घर मागे-पुढे बसते. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत बॅटरी काढली असेल तर झडपेच्या मोटारीला आपली जागा पुन्हा शिकावी लागते. ती पद्धत गाडीगणिक वेगळी, शोरूमवाल्याला विचारा.

पायाखाली पाणी: कॉईलवर जमलेलं पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली टपकायला हवं. सर्व्हिसिंगनंतर दमट दिवशी गाडीखाली थेंब पडत *नाहीत*, ही काळजीची बाब. माझ्याकडे ती नळी आतच दुमडून बसली होती. डॅशबोर्ड पुन्हा न उतरवता, खालून हात घालून पाच मिनिटांत सरळ झाली. हे पाणी चिकट असेल आणि त्याला गोडसर वास येत असेल, तर ते एसीचं नाही, इंजिन गार ठेवणारं कूलंट आहे. मग हीटरच्या पाइपांकडे वळा आणि तोवर गाडी लांब नेऊ नका.

ग्रॅममध्ये बोला

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर१३४ए हा गॅस असतो. काही नव्या गाड्यांत आर१२३४वायएफ. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत आणि दुसरा थोडासा ज्वलनशील आहे. बोनेटखाली एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत हे वजन साधारण ३५० ते ४५० ग्रॅम असतं, मागे वेगळा एसी असलेल्या मोठ्या गाड्यांत त्याच्या कितीतरी जास्त.

गंमत बघा. पाइपांत थोडासाही द्रव गॅस शिल्लक असेल तर बंद गाडीतलं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, गॅस किती आहे यावर नाही. ३० अंशांना आर१३४ए चं प्रेशर साधारण ९५ पीएसआय असतं, मग आत २०० ग्रॅम असो की ४००. घरातल्या सिलिंडरसारखंच: गॅस संपत येईपर्यंत शेगडीची ज्योत तेवढीच राहते. म्हणून "गेज लावून बघितलं, गॅस फुल आहे" या वाक्याला अर्थ नाही. खात्री एकाच पद्धतीने होते: सगळा गॅस मशीनने काढून घ्यायचा, त्याचं वजन करायचं, व्हॅक्यूम करायचा आणि स्टिकरवरच्या वजनाइतका भरायचा.

बाजारात ४५० ग्रॅमचे डबे मिळतात. माझ्या गाडीला ३८० ग्रॅम लागतो. "एक डबा पूर्ण मारला साहेब" हे मी कौतुकाने ऐकून घेत असे. जास्त गॅस म्हणजे जास्त थंडावा नव्हे. कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, प्रेशर चढतं, जाळीतली हवा उलट कोमट होते आणि सिग्नलला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंदच करतो.

बंद गाडीच्या प्रेशरचा एक उपयोग मात्र नक्की आहे. गाडी रात्रभर सावलीत उभी होती, हवा ३० अंश आहे आणि गेज ९५ च्या जागी १२० दाखवतंय? मग आत हवा शिरलीये किंवा दुसरा गॅस मिसळलाय. स्वस्तात भरलेल्या गॅसमध्ये एलपीजीसारखी भेसळ असू शकते. ती थंड करते, हे खरं. पण तिची गळती डॅशबोर्डाच्या आत झाली तर तुम्ही पेटणाऱ्या गॅसच्या पेटीत बसलेले असता. भेसळीची शंका आली की सगळं रिकामं करून पुन्हा भरणं हाच मार्ग.

व्हॅक्यूमची वेळ, आणि पुण्याची सुई

पाइप उघडले की आत हवा आणि वाफ जाते. व्हॅक्यूम पंप हवा ओढतो आणि आतलं दडपण इतकं उतरवतो, की पाणी नेहमीच्या खोलीच्या तापमानाला उकळून निघून जातं. याला वेळ लागतो. पाच मिनिटं पंप भुर्र करून काढून घेणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. निदान अर्धा तास पंप चालायला हवा. नंतर पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं सुई बघत थांबायचं. सुई जागेवर राहिली तर ठीक, सरकली तर गळती आहे किंवा आत ओल आहे.

यूट्यूबवर बघून आलेले लोक सुई ३० इंचांवर (पाऱ्याच्या इंचांत व्हॅक्यूम मोजतात) जात नाही म्हणून मेकॅनिकशी भांडतात. तो ३० चा आकडा समुद्रसपाटीचा आहे. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे साध्या गेजची सुई २८ च्या आसपासच थांबणार. महाबळेश्वरला तर २५ च्या थोडी पुढे. यात पंपाचा दोष नाही.

गळती: गॅस "संपत" नाही

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळीत गोल फिरत असतो. दुरुस्तीनंतर महिन्याभरात कमी झाला तर तो कुठून तरी बाहेर गेलाय, आणि बहुधा उघडलेल्या जोडातूनच. नवी ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) टाकली का, तिला एसीचं तेल लावलं होतं का, की कोरडीच आवळली आणि चिरली? जोडावर तेलकट डाग आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली तर जागा सापडली.

घरी करण्यासारखं एकच: गॅस भरायच्या दोन तोंडांवरची टोपणं काढा आणि आतल्या पिनेवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा फुगला तर पिन गळतेय. ही टोपणं गॅरेजात हमखास हरवतात. ती शोभेची नसतात, पिन गळली तर गॅस अडवणारी दुसरी भिंत तीच. नसतील तर मागून घ्या.

बाकीची तपासणी नायट्रोजन भरून किंवा रंग टाकून निळ्या-जांभळ्या टॉर्चखाली करतात. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नका, ओल आत जाते. ऑक्सिजन तर अजिबात नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. भरलेल्या यंत्रणेजवळ वेल्डिंगही नको, कारण आर१३४ए ज्वाळेत सापडला की विषारी वायू होतो.

गेज लावल्यावर

हे काम एसीवाल्याकडेच करा, पण शेजारी उभे राहा. बाहेर ३५ अंश, १५०० आरपीएम अशा स्थितीत निळं गेज (कमी दाबाची बाजू) ढोबळमानाने ३० ते ४५ आणि लाल (जास्त दाबाची बाजू) २०० ते २५० पीएसआय दाखवतं. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त, फॅन मंद किंवा आत हवा. निळं जास्त आणि लाल कमी, तर कॉम्प्रेसर दाबच देत नाहीये. निळं शून्याखाली उतरतंय, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलाय. एवढं पाठ असलं की "कॉम्प्रेसर गेला साहेब" ऐकल्यावर तुम्ही निदान सुया दाखवायला सांगू शकता.

तेलाचं एक राहिलं. कॉईल किंवा कंडेन्सर बदलला की जुन्या पार्टबरोबर थोडं तेल जातं, ते मोजून परत घालायचं असतं. कमी पडलं तर कॉम्प्रेसर घासतो. जास्त झालं तर नळ्यांच्या आत थर धरून थंडावा कमी होतो. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत तर तेलाचा प्रकारच वेगळा असतो. नेहमीचं पॅग तेल तिथल्या विजेच्या कॉम्प्रेसरला घातक ठरू शकतं. नारिंगी (जास्त व्होल्टेजची) केबल दिसली की स्वतः हात घालू नका, आणि ज्याने अशी गाडी आधी केलेली नाही त्याच्याकडेही देऊ नका.

परत गॅरेजात जाताना

मी भांडायला गेलो नाही. थर्मामीटरचे आकडे, किती मिनिटांनी वारा मंदावतो आणि किती वेळात परत येतो, एवढं कागदावर लिहून नेलं. "दादा, गॅस मारू नका, वारा कमी होतोय, आधी सेन्सर कुठे बसवलाय ते बघू." त्याने ग्लोव्हबॉक्स काढला, टॉर्च मारला, आणि तो मणी हवेत झुलताना आम्हा दोघांनाही दिसला. "पोराने केलं असंल," एवढंच म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

गाडी परत घेताना चार गोष्टी मागा: किती ग्रॅम गॅस निघाला, किती भरला, तेल कुठलं आणि किती घातलं, व्हॅक्यूम किती वेळ ठेवला. जुना पार्ट डिकीत टाकायला सांगा. मग तिथेच थर्मामीटर लावा, आणि दहा मिनिटांवर समाधान मानू नका, निदान पाऊण तासाची चक्कर मारा. माझी चूक तीच झाली होती. गॅरेजच्या दारात एसी दहा मिनिटं गार होता, बर्फ धरायला त्याला शिरूर लागलं. आता माझ्या बोनेटखाली कंपनीच्या स्टिकरशेजारी एक पांढरी पट्टी आहे: तारीख, ३८० ग्रॅम, तेलाचं नाव. पुढच्या उन्हाळ्यात कुणी "एक डबा मारू का?" असं विचारलं, तर बोट दाखवायला बरं.